बागेतली वीट, फरशी, खत आणि माळी: वेठबिगारी आपल्या धंद्यात शिरू नये म्हणून काय करावं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

पुण्यात माझा बागा तयार करून देण्याचा आणि नंतर त्यांची देखभाल करण्याचा छोटा व्यवसाय आहे. बंगले, सोसायट्या, गच्च्या, अधूनमधून एखाद्या कंपनीचं आवार. कायम पगारावरची माणसं मोजकी. मोठं काम निघालं की ठेकेदाराकडून जास्तीची माणसं येतात.

एका कंपनीने देखभालीचं कंत्राट पुढे चालू ठेवताना एक हमीपत्र पाठवलं आहे. 'आमच्याकडे आणि आम्हाला माल पुरवणाऱ्या कोणाकडेही बालमजुरी, सक्तीची मजुरी किंवा वेठबिगारी नाही' असं लिहून द्यायचं. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानुसार पर्यावरण, कामगार, मानवी हक्क यांविषयी दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. तिथून हा कागद आमच्यासारख्यांपर्यंत येतो. ओळखीचे बहुतेक व्यावसायिक सही-शिक्का करून परत पाठवतात.

मला तसं करायचं नाही. स्वतःच्या माणसांबद्दल मी खात्रीने सांगू शकते, मालाबद्दल नाही. वाफ्यांच्या कडेला लावायची वीट, पायवाटेची कोटा फरशी, राजस्थानी वालुकाश्म, काळ्या दगडाची खडी, कुंड्या, लाल माती, कोकोपीट, रोपं, लेंडीखत. या प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी राबलेलं आहे आणि मी फक्त दुकानदाराला किंवा टेम्पोवाल्याला ओळखते. कुठे बघायला हवं, काय विचारायचं आणि काही वाईट सापडलं तर पुढे काय, हे जाणकारांनी सांगावं. 'एवढ्या छोट्या धंद्याला काय करायचंय' असं कृपया लिहू नका. ते ऐकून झालंय.

कर्जतची_मास्तरीण

विटेपासून सुरुवात करा. बाकीचं नंतर.

रायगड, ठाणे, पालघरच्या वीटभट्ट्यांवर राबणारे बहुसंख्य लोक आदिवासी आहेत, त्यात कातकरी खूप. सरकारदरबारी ही आदिम जमात आहे. काथ पाडणं, कोळसा करणं हा जुना धंदा, जंगल बंद झालं तशी मजुरी आली. जमीन बहुतेकांना नाही. पावसाळ्यात आवणी संपली की श्रावण-भाद्रपदात घरात काही उरत नाही. नेमकं तेव्हा भट्टीमालक किंवा त्याचा माणूस वाडीवर येतो आणि बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. आजारपण, लग्न, गौरी-गणपतीचा सण, जुनं देणं, यातच तो संपतो. दिवाळी झाली की ट्रक येतो आणि अख्खं कुटुंब भट्टीवर जातं. तिथे तूस, गवत, प्लास्टिकचा भोंगा उभारायचा आणि मे अखेरपर्यंत त्यात राहायचं.

काम पहाटेच्या अंधारात सुरू होतं. माती कालवणं, गारा तयार करणं, विटा थापणं, उलटणं, रचणं. मजुरी हजारावर, म्हणजे हजार विटांमागे ठरलेली. दर आठवड्याला खर्ची मिळते, तांदूळ-मिरची-तेलापुरती. हिशोब हंगामाच्या शेवटी. वही मालकाकडे. बयाणा वजा, खर्ची वजा, दवाखान्याला दिलेले वजा, खाडे वजा, पावसाने भिजलेल्या कच्च्या विटा वजा. शेवटी पुष्कळदा मजुराच्याच अंगावर बाकी निघते आणि ती फेडायला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यावं लागतं. दुसरीकडे जास्त दर मिळत असला तरी जाता येत नाही. गेला तर शोधून आणतात.

वहीत नाव नवऱ्याचं असतं. बायको तेवढंच काम करते, तिची मजुरी वेगळी धरतच नाहीत. मुलं विटा उलटतात, तान्ह्याला सांभाळतात. शाळेच्या हजेरीपटावर ती दिवाळीनंतर गैरहजर होतात आणि जूनमध्ये परत येतात तेव्हा अक्षरं विसरलेली असतात. म्हणून विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगा शाळा सुरू केल्या होत्या. सरकारी हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे, जिथे आईबाप कामाला गेले तरी मूल गावात राहून शिकू शकतं.

सगळ्या भट्ट्या अशाच असतात असं माझं म्हणणं नाही. चोख हिशोब देणारे मालक मी पाहिलेत. पण तुमची वीट कोणत्या भट्टीची आहे हेच माहीत नसेल, तर ती त्यांच्याकडची आहे असं मानायला काही आधार नाही.

भट्टीवाला_पेण

आमची दोन पिढ्यांची भट्टी आहे, म्हणून लिहितो. ताई, तुम्ही लिहिलंत त्यातलं पुष्कळ खरं आहे. पण दुसरी बाजूही ऐका.

बयाणा दिला नाही तर एकही माणूस येत नाही. आम्ही तो सावकाराकडून किंवा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचलून देतो, त्याचं व्याज आम्हाला लागतं. कधी मजूर दोघातिघांकडून बयाणा घेतो आणि चौथ्याकडे जातो. कधी मुकादमच पैसे घेऊन नाहीसा होतो. मग आम्ही काय करायचं? बिगरमोसमी पाऊस आला तर लाखभर कच्ची वीट एका रात्रीत चिखल होते. बिल्डर आणि सप्लायर दर पाडून मागतात, पैसे सहा-सहा महिन्यांनी देतात. वीट स्वस्त हवी असणारे सगळे, आणि गुन्हेगार फक्त भट्टीवाला?

बयाणा देणं म्हणजेच वेठबिगारी असेल तर महाराष्ट्रातली ऊसतोडसुद्धा बंद करावी लागेल. तिथेही उचल घेतल्याशिवाय कोयता हलत नाही.

कोर्टाची_पायरी

पेणकर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि कायद्यात त्याचं उत्तर आहे. वकील म्हणून लिहितो.

वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा १९७६ चा. आधी ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला होता. त्याला माणसांच्या संख्येची मर्यादा नाही. एक माळी ठेवणाऱ्यालाही तो लागू आहे. आगाऊ रक्कम देणं हा एवढ्यानेच गुन्हा होत नाही. त्या रकमेच्या बदल्यात चारपैकी एक गोष्ट घडली की मात्र वेठबिगारी होते: किमान वेतनापेक्षा कमी किंवा बिनपगारी काम, दुसरीकडे काम करण्याची मुभा नसणं, हवं तिथे जाण्या-येण्याची मुभा नसणं, किंवा आपला माल बाजारभावाने विकण्याची मुभा नसणं. चारही लागत नाहीत, एक पुरते.

म्हणजे बयाणा द्या, पण मजूर मधेच जायला निघाला तर त्याला अडवायचं नाही, मारहाण नाही, सामान किंवा मूल ठेवून घ्यायचं नाही. आणि केलेल्या कामाचा दर किमान वेतनाला पुरला पाहिजे. तसं असेल तर तो व्यवहार वेठबिगारीत मोडत नाही. उलट असेल तर कलम ६ प्रमाणे ते देणंच संपुष्टात येतं, वसूल करता येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. १९७६ पासून दंडाची रक्कम तीच आहे, हे मला लाजिरवाणं वाटतं. वाद झाला तर 'हे वेठबिगारीचं देणं नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ ने आगाऊ रक्कम देणाऱ्यावर टाकली आहे.

सक्तीच्या मजुरीला बंदी घालणारं राज्यघटनेचं कलम २३ याच्याही वर आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच आहे, कारण भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात फरिदाबादच्या दगडखाणींबद्दल न्यायालयाने म्हटलं की मजूर सक्तीने राबतो आहे हे दिसलं की त्यामागे आगाऊ रक्कम आहे असं गृहीत धरायचं. गरीब माणसाकडे कागद कुठून असणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि किमान वेतनाचा जुना कायदा वेतन संहितेत गेला. १९७६ चा कायदा मात्र स्वतंत्रपणे शाबूत आहे. ऊसतोडीतही हीच कसोटी लावायची, तिला सूट नाही.

भट्टीवाला_पेण

समजलं. माझ्याकडून मधेच निघून गेलेल्याला परत आणायला मी माणसं पाठवलेली नाहीत. पण आजूबाजूला पाठवतात, हे नाकारत नाही.

रानजाई

पेणकर दादा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, आभार. एक विचारते. मी तुमच्याकडून वीट घ्यायची ठरवली आणि तुमचा हजाराचा दर विचारला, तर तो किमान वेतनात बसतो की नाही हे मला कसं कळणार?

हिशोबनीस

हे मी सांगतो, अवघड नाही. लहान उद्योगांच्या पगाराचे हिशोब करतो.

एक जोडपं दिवसाला किती विटा पाडतं हे विचारा, मालकाला नाही तर मजुराला. त्यावरून दिवसाची मजुरी काढा. ती दोघांत वाटा, कारण काम दोघांनी केलंय. मग किती तास लागले ते विचारा. आठ तासांच्या वरचा वेळ दुप्पट दराने धरा. आलेला आकडा त्या कामाच्या त्या भागातल्या चालू किमान वेतनाशी ताडून बघा. महाराष्ट्रात विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद धरू नका. पोरं हाताखाली असतील तर हिशोब तिथेच थांबवा, कारण १४ वर्षांखालच्या मुलाला अशा कामाला लावणं मुळातच बेकायदा आहे.

दोघांच्या मजुरीला एकाची मजुरी म्हणून दाखवणं ही इथली सगळ्यात मोठी पळवाट आहे. वरवर दर चांगला दिसतो आणि भागाकार केला की अर्ध्यावर येतो.

रानजाई, आता तुमच्या ठेकेदाराकडे वळा. तुम्ही त्याला हजेरीमागे किती देता आणि माळ्याच्या हातात किती पडतात? मधला फरक किती आहे? पैसे त्याच्या खात्यात जातात का? जात असतील तर एटीएम कार्ड कोणाकडे असतं? ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशातून येणाऱ्या मुलांची आधारकार्डं आणि एटीएम कार्डं 'हरवतील म्हणून' ठेकेदाराने एका डब्यात ठेवलेली मी बघितली आहेत. कागदोपत्री पगार पूर्ण, बँकेत जमा पूर्ण, आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदार सगळी कार्डं घेऊन पैसे काढून आणतो. नुसतं बँकेचं विवरण बघून तुम्हाला काहीच कळणार नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या ११ खुणा सांगितल्या आहेत. कागदपत्रं अडकवणं, पगार अडकवणं, कर्जाने बांधणं, फसवणूक, एकटं पाडणं, धमकावणं, बाहेर जाऊ न देणं अशा. बागकामात माझ्या मते पहिल्या तीन आधी तपासा.

उरुळीची_रोपं

रोपवाटिका चालवतो. आमच्याकडे बायका रोजावर येतात, आजूबाजूच्या गावांतल्या, संध्याकाळी घरी जातात. त्यामुळे बांधून ठेवण्याचा प्रकार क्वचित. प्रश्न असतो तो दराचा. पुरुषाला एक आणि बाईला कमी, हे सर्रास चालतं. आंध्रात कडियमहून मोठी झाडं येतात, तिथली परिस्थिती मी पाहिलेली नाही, त्यावर बोलणार नाही.

एक मात्र बघा. बंगल्यावर किंवा फार्महाऊसवर जोडपं ठेवलेलं असतं. राहायला खोली देतात आणि त्या खोलीच्या बदल्यात नवऱ्याचा थोडा पगार, बायकोचं घरकाम आणि झाडांना पाणी घालणं फुकट. पोराच्या आजारपणाला मालकाने पैसे दिले असतील तर ते दोघं वर्षानुवर्षं हलत नाहीत. तुमच्यासारखे देखभालीला जाणारे लोकच त्यांच्याशी बोलू शकतात.

कोर्टाची_पायरी

उरुळीकरांनी नेमकं ठिकाण दाखवलं. खोली आणि जेवण देतो म्हणून बायकोचं काम फुकट, हे कायद्यात बसत नाही. ठाणे-पालघरकडे पूर्वी लग्नगडी ही पद्धत होती. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये घ्यायचे आणि नवरा-बायकोने जमीनदाराकडे राबायचं, कधीकधी आयुष्यभर. १९४५ साली तलासरी-डहाणू-उंबरगाव भागात वारली उठले ते याच लग्नगडी आणि वेठीविरुद्ध, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने. १९८० च्या दशकात त्याच पट्ट्यात विवेक आणि विद्युल्लता पंडितांच्या श्रमजीवी संघटनेला पुन्हा वेठबिगार सोडवावे लागले. फार्महाऊसवरचं जोडपं म्हटलं की मला तेच आठवतं.

वडारवाडा

दगडाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. माझे आजोबा-वडील खाणीवर होते. आम्ही वडार.

पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींवर आता क्रशर आहेत, पूर्वी सगळं हाताने व्हायचं. ब्रासवर, म्हणजे फोडलेल्या दगडाच्या मापावर मजुरी. मुकादमाची उचल घेऊन मराठवाड्यातून, कर्नाटकातून कुटुंबं यायची. खाणीवर राहणाऱ्या पोरांना गावची शाळा लांब, म्हणून संतुलन या संस्थेने खाणींवर पाषाण शाळा काढल्या. माझे चुलतभाऊ तशाच शाळेत शिकले. खडी घेताना क्रशर कोणाचा, परवाना आहे का, आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबांची मुलं कुठे जातात, एवढं तरी विचारा. विचारलं की समोरचा सावध होतो, त्याचाही उपयोग होतो.

राजस्थानचा दगड हे मोठं प्रकरण आहे. बुंदी, कोटा भागातला वालुकाश्म. तिथे आगाऊ रकमेला पेशगी म्हणतात. खाणीची धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो, माणूस चाळिशीत खंगतो, औषधाला पुन्हा पेशगी घेतो आणि तो गेल्यावर ते देणं मुलाच्या किंवा बायकोच्या डोक्यावर येतं. बुंदीतल्या बुधपुऱ्यात टाकाऊ दगडाचे चौकोनी छोटे तुकडे घडवतात, युरोपातल्या पायवाटांसाठी. ते काम घरासमोर बसून हजारी दराने चालतं, आणि लहान मुलं त्यात होती हे अनेकदा जगासमोर आलंय. आता असे तुकडे आपल्याकडच्या बागांतही दिसतात.

लेस्टरकर

वडारवाडा, मी त्या दगडाच्या दुसऱ्या टोकाला आहे. इंग्लंडमध्ये बागेचं सामान विकणाऱ्या एका मध्यम आकाराच्या दुकानात खरेदी बघतो. इथे मागच्या अंगणात घालायला 'इंडियन सँडस्टोन' अगदी सर्रास वापरतात. स्वस्त आणि दिसायला सुंदर.

इथे २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा आहे. वर्षाला ३.६ कोटी पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला 'आम्ही काय पावलं उचलली' याचं निवेदन दरवर्षी काढावं लागतं. आमचं दुकान त्या मर्यादेच्या खाली आहे, पण मोठे ग्राहक आम्हाला प्रश्नावली पाठवतात. तुम्हाला आलेल्या कागदासारखीच. त्या निवेदनांबद्दल माझं मत चांगलं नाही. बहुतेक एकमेकांवरून उतरवलेली असतात.

दुसरा कायदा मला जास्त कामाचा वाटतो. फेब्रुवारी २००४ मध्ये मोरकंब उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडाले. मुकादमाने त्यांना भरतीची वेळ नीट सांगितलीच नव्हती. त्याच वर्षी कायदा झाला आणि शेती, फळ-फूलबागा आणि शिंपले वेचणं यासाठी मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा झाला. बिनपरवाना मुकादमाकडून माणसं घेणाराही गुन्हेगार ठरतो. तरीही आज नेपाळ, इंडोनेशियातून हंगामी व्हिसावर फळं तोडायला येणारे कामगार गावाकडे दलालाचं कर्ज करून येतात, अशा बातम्या येतच असतात.

२०२१ साली जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे. एवढा मोठा आकडा वाचला की माणूस हात टेकतो. रानजाईंसारखं वीट-दगड-माळी असं एकेक धरून बघणंच मला योग्य वाटतं.

कर्जतची_मास्तरीण

लेंडीखताचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांच्या खताचा, उल्लेख मूळ लेखात आहे, त्यावर कोणी बोललं नाही.

२०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीवरच्या लहान मुलीचा मृत्यू झाला आणि त्यानंतर उघड झालं की तिथली मुलं मेंढ्या राखायला अहमदनगर-नाशिककडच्या मेंढपाळांकडे ठेवलेली होती. बदल्यात आईबापांना थोडे पैसे, एखादी मेंढी. मुलं मेंढ्यांमागे मैलोन्‌मैल फिरत होती, मारहाण होत होती.

सगळ्या धनगर कुटुंबांकडे बोट दाखवायचं नाही. ते स्वतः उन्हातान्हात फिरणारे कष्टकरी लोक आहेत आणि बहुतेकांबरोबर स्वतःचीच मुलं असतात. पण खत मेंढपाळांच्या कुठल्या वाड्यातून, म्हणजे तळावरून, आलं आणि मेंढ्यांमागे कोणाचं मूल आहे, हा प्रश्न बागवाल्याने विचारला पाहिजे. बाहेरचं मूल एकटं दिसलं तर १०९८ वर कळवा.

रानजाई

लेंडीखत मी वर्षानुवर्षं वापरते आहे आणि ही बातमीही वाचली होती. दोन्हींचा संबंध मनात जोडला नव्हता.

आता कठीण प्रश्न. समजा, एखाद्या भट्टीवर किंवा ठेकेदाराकडे खरंच तसं सापडलं. माझी पहिली इच्छा होईल की त्याच्याकडून माल घेणं त्या क्षणी बंद करावं. हे बरोबर आहे का?

कर्जतची_मास्तरीण

नाही. निदान त्या क्षणी नाही. आणि मालकाला तोंडावर जाब तर मुळीच विचारू नका. रात्रीतून ट्रक लागतो आणि कुटुंबं दुसऱ्या तालुक्यात नाहीतर घाटावर कोळशाच्या भट्टीवर जातात. मग ती कोणालाच सापडत नाहीत.

आधी मजुरांना काय हवंय ते कळू दे. बऱ्याचदा त्यांना काम सोडायचं नसतं, हिशोब हवा असतो. काहींना मात्र खरोखर सुटायचं असतं. तुम्ही माल बंद केलात तर भट्टी बंद पडेल, पण हिशोब न होता ते घरी जातील आणि श्रावणात पुन्हा दुसऱ्या मालकाचा बयाणा घेतील. स्थानिक संघटनेशी बोला. आमच्या भागात त्यांना सरकारी वाट माहीत असते.

कोर्टाची_पायरी

सरकारी वाट अशी. तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदारांकडे लेखी द्यायची, प्रत पोलिसांना. कायद्याने जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असायला हवी, तिचाही उल्लेख करा. चौकशीत वेठबिगारी दिसली तर मुक्तीचा दाखला मिळतो. तो सगळ्यात महत्त्वाचा कागद. तो नसेल तर पुनर्वसन नाही. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे. पुढचं साहाय्य प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिशय गंभीर शोषणात ३ लाख. पण ही मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे आणि निकाल रखडतात. तोपर्यंत सुटलेलं कुटुंब खाणार काय? १९८४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने नीरजा चौधरी खटल्यात बजावलं होतं की पुनर्वसनाशिवाय मुक्तता म्हणजे पुन्हा त्याच खाईत लोटणं. चाळीस वर्षांनंतरही तेच चालू आहे.

म्हणून कळवणाऱ्याने एवढं करावं की दाखला प्रत्येकाच्या नावाने निघेल हे बघावं, बायकांच्या आणि मुलांच्याही. पथक घाईत असलं की कुटुंबामागे एकच दाखला देऊन मोकळं होतं आणि बाईचे हक्काचे दोन लाख तिथेच जातात.

हिशोबनीस

हमीपत्राचं सांगतो. 'आमच्या पुरवठादारांकडे वेठबिगारी नाही' हे वाक्य खोडा आणि जे खरं आहे ते लिहा. वीट अमुक भट्टीची, मजुरांशी बोलून दर ताडला. बागेवरच्या माणसांचा पगार थेट त्यांच्या खात्यात, कार्ड त्यांच्याकडे असल्याची खात्री केली. राजस्थानी दगडाच्या खाणीची माहिती विक्रेता देऊ शकला नाही, म्हणून तो पुढच्या कामात वापरत नाही. मोठ्या कंपनीतल्या खरेदी विभागाला असा कागद आवडेलच असं नाही, पण त्याखाली तुम्हाला सही करता येईल.

आणि दराचं बोला. हजेरी तीच ठेवून ठेकेदाराकडून पूर्ण किमान वेतन आणि साप्ताहिक सुट्टी मागितली, तर तो ते कुठून तरी काढणारच, आणि ते माणसाच्याच खिशातून निघेल. त्या कंपनीला तुमच्या कोटेशनमध्ये मजुरीची ओळ वेगळी दाखवा. ती कमी करा म्हणाले तर त्यांचंच हमीपत्र त्यांच्यासमोर ठेवा.

रानजाई

हे मनापासून पटलं. ठेकेदाराला मी कळवलंय की इथून पुढे हजेरीचे पैसे थेट माणसांच्या खात्यात जातील आणि त्याचं कमिशन वेगळं बिल करून मिळेल. तो नाराज आहे. दोघं माळी आपणहून बोलले की गावाहून येताना घेतलेली उचल अजून फिटलेली नाही, आणि किती उरली ते त्यांना ठाऊक नाही. आता ती लिहून घेणार आहोत, तिघांच्या सह्यांनिशी. हिशोबनीस, यातली बाकी मी स्वतः भरून टाकावी का?

हिशोबनीस

भरू नका. तुम्ही भरलीत की ते तुमचे देणेकरी झाले, आणि नकळत तुम्ही ठेकेदाराच्या जागी जाऊन बसता. आजवर किती कापलं गेलंय याचा हिशोब आधी मागा. किमान वेतनाच्या खाली गेलेली प्रत्येक कपात मिळवलीत तर बहुधा उचल कधीच फिटलेली निघेल.

भट्टीवाला_पेण

रानजाईताई, मी एक सुचवतो. आमची सगळी कोंडी पावसाळ्यात होते. बयाण्यासाठी पैसे लागतात तेव्हा व्यापारी देतो आणि तोच पुढे विटेचा दर पाडतो. तुमच्यासारखे चार-पाच बागवाले, आर्किटेक्ट एकत्र येऊन श्रावणातच ऑर्डर पक्की करून थोडी रक्कम आगाऊ देणार असाल, तर मी हजाराचा दर वाढवून लिहून देईन. नवरा-बायको दोघांची नावं वहीत, हिशोब दर पंधरवड्याला, वहीची एक प्रत मजुराकडे. मधेच कोणी गेला तर मी मागे लागणार नाही, बुडालेला बयाणा माझा.

रानजाई

दादा, मला चालेल. सोसायट्यांची कामं दिवाळीनंतर सुरू होतात, वीट तेव्हाच लागते. पुण्यातल्या दोन-तीन जणांशी मी बोलते. किती विटा लागतील याचा अंदाज आषाढात देऊ शकेन. भट्टीवर येऊन लोकांशी बोललं तर चालेल ना?

भट्टीवाला_पेण

या की. न सांगता आलात तरी चालेल.

कर्जतची_मास्तरीण

मीही येईन बरोबर, कातकरी बोली मला येते. दुपारी काम थांबतं आणि बायका भोंग्यापाशी असतात, तेव्हा जाऊ. पेणकर, त्या वेळी तुम्ही तिथे थांबू नका. आणि ट्रक निघायच्या आधी वाडीवरच्या मुलांची यादी मला पाठवा, म्हणजे हंगामी वसतिगृहासाठी शाळेकडे वेळेत नावं देता येतील.